शेडमधल्या गाडीला जंग का लागतो?

रेडिओवर गाडीच्या जंगाबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच गटांनी सांगितलं की हे लिहून द्या, ऐकताना अर्धं निसटतं. म्हणून ते इथे देत आहोत, थोडं वाढवून. पुस्तकात याला गंज म्हणतात. पण आपल्याकडे गंज म्हटलं की चुलीवरचं भांडं डोळ्यासमोर येतं, म्हणून आपण जंगच म्हणू.

आमच्या गटाची एक जुनी व्हॅन आहे. सेकंडहँड घेतलेली, थोडे पैसे बचतीचे आणि बाकीचे कर्जाचे. तूरडाळ आणि तिखट घेऊन ती दारव्ह्याच्या बाजाराला जाते, आणि रात्री-बेरात्री गावातल्या कुणाच्या पोटात दुखलं तरी तीच निघते. आमच्यातलीच एक वहिनी ती चालवते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रस्त्यावर गारा झाला, बाजारही मंदावले, म्हणून जूनच्या शेवटी आम्ही गाडी शेडमध्ये लावली. शेड म्हणजे कोठ्याला लागून काढलेलं टिनाचं छप्पर. खाली शेणाने सारवलेली जमीन, एका बाजूला खताची पोती. गाडी नीट राहावी म्हणून वरून निळी ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरीने आवळली, हँडब्रेक कचकचून ओढला आणि निश्चिंत झालो. जाताना पत्र्याला खालून डांबरही मारून घेतलं होतं. आमच्या मते आम्ही गाडीची फार काळजी घेतली होती.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. ताडपत्री ओढली, तर आतून कुबट वास आला. गाडी सुरू झाली, पण चाक हलेना. हिसके देऊन एकदाचं सुटलं. गावाबाहेरच्या नाल्याच्या उतारावर वहिनीने ब्रेक दाबला, तर पायडल सरळ तळाला गेलं. तिने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी बाभळीच्या झुडपात घातली. कुणाला लागलं नाही. सुनेला दुसऱ्या घरच्या गाडीतून नेलं, सकाळी मुलगी झाली. आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीभाऊंनी गाडीखालची ब्रेकची लोखंडी नळी दाखवली. तिच्यावर जंगाचे पापुद्रे आले होते आणि एका जागी सुईएवढं भोक. मग त्यांनी पेचकस घेतला आणि डांबर मारलेल्या तळाला नुसता टेकवला. पेचकस आरपार वर आला.

चार महिने गाडी पावसात नव्हती, छपराखाली होती. मग हे झालं कसं? हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळत होता. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

लोखंडी तवा आपण धुतो, लगेच चुलीवर ठेवून कोरडा करतो, मग तेलाचा हात फिरवतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. तोच तवा ओला करून दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवला, तर सकाळपर्यंत तांबूस होतो. पाऊस दोन्हीवर पडलेला नसतो. जंगाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. पाणी दिसेल इतकं लागतही नाही. हवा पुरेशी दमट असली आणि पत्र्यावर धूळ किंवा मातीचा थर असला की तेवढ्यावर त्याचं भागतं. उघड्यावर उभी असलेली गाडी भिजते, पण ऊन पडलं, वारा सुटला की सुकतेही. बंद, ओलसर जागेतली गाडी भिजत नाही, पण सुकतही नाही. जंगाचा हिशोब गाडी किती भिजली यावर नसतो, किती तास ओली राहिली यावर असतो.

आणखी एक गोष्ट. पितळेचा तांब्या काळवंडतो, पण तो काळा थर पातळ असतो आणि धातूला चिकटून बसतो. लोखंडाचं तसं नाही. जंग फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली फोड येतात. तो भुसभुशीत असतो, त्यात पाणी धरून राहतं आणि ते पाणी आणखी आत जातं. त्यामुळे वरून नाण्याएवढा दिसणारा फोड खाली तळहाताएवढा निघू शकतो.

आपल्या जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण सगळ्यांनी पाहिलंय. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला. तिचं कोळशाचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलं आणि १९९४ पर्यंत ते गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं रोज धग, रोज तेल, रोज पुसणं. आणि त्याच शकुंतलेचे रूळ, गाडी बंद झाल्यावर, दारव्ह्याकडे गवतात तांबडे होऊन पडलेत. चाक फिरत असतं तोवर रुळाचा माथा चकाकतो. उभं राहिलेलं लोखंड लवकर जातं.

आता आमच्या शेडमध्ये काय काय चुकलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तुमचं शेड डोळ्यासमोर आणू शकाल.

सगळ्यात मोठी चूक जमिनीची. आपली काळी माती पाणी पिते, फुगते आणि ते महिनोन्महिने सोडत नाही. पाऊस उघडल्यावरही शेडच्या जमिनीतून ओल वर येत राहते आणि ती सरळ गाडीच्या पोटाला लागते. त्यात आम्ही दर आठवड्याला सारवत होतो, म्हणजे आठवड्याला बादलीभर पाणी स्वतःच्या हाताने घालत होतो. आता आम्ही काय केलं? शेडभोवती वीतभर खोल नाली काढली, टिनाचं पाणी पडतं तिथे जास्त खोल. आतली माती थोडी उकरून जाड प्लास्टिक अंथरलं, जोडावर हातभर एकावर एक घेतलं आणि वर मुरूम दाबून बसवला. सिमेंटचा कोबा केला तर उत्तमच, पण त्याच्याही खाली प्लास्टिक टाकाच, नाहीतर कोब्यातूनही ओल वर चढते. मुरमाचं काम आम्ही दोन दिवसांत घरच्या घरी केलं.

दुसरी चूक ताडपत्रीची. प्लास्टिक खालून पाहिजे होतं, आम्ही वरून टाकलं. ताडपत्रीच्या आत जमिनीची वाफ कोंडते, रात्री गार पडते आणि थेंब होऊन पत्र्यावर बसते. ओली शेंग डब्यात झाकण लावून ठेवली की झाकणाला आतून थेंब येतात, तसंच. धूळ आणि पक्ष्यांची घाण नको असेल, तर गाडीच्या वर हातभर अंतर ठेवून दोरीवर जुन्या सुती साड्यांचा मांडव करा. गाडीला काही चिकटू देऊ नका. शेड चारी बाजूंनी बंद असेल, तर खाली आणि वर समोरासमोर झरोके ठेवा, म्हणजे हवा वाहते. उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी लावा. कापूस किंवा सरकी त्याच शेडमध्ये ठेवली असेल, तर उंदीर येणारच आणि गाडीच्या वायरी कुरतडणार. तो वेगळा खर्च.

झरोक्यांचं ठीक, पण मोठं दार केव्हा उघडायचं यालाही वेळ आहे. दिवाळीनंतर रात्री लोखंड थंडगार होतं. सकाळी धुई असताना किंवा नऊच्या सुमाराला, हवा तापू लागल्यावर दार सताड उघडलं, तर बाहेरची दमट हवा गार पत्र्याला लागून त्याला घाम सुटतो. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या गिलासाला बाहेरून सुटतो तसा. म्हणून धुई पूर्ण विरल्यावर, ऊन चांगलं पडल्यावर दार उघडा आणि संध्याकाळी गारवा पडायच्या आत लावून घ्या. पावसाळ्यात हे गणित चालत नाही, तेव्हा बाहेरही दमटच असतं. पण हलती हवा कोंडलेल्या हवेपेक्षा बरी.

तिसरी चूक खताची. युरिया आणि पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून तर पोत्यात खडे होतात. पोटॅशमध्ये तर मिठासारखाच क्लोराइड असतो आणि तो लोखंडाचा वैरी आहे. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिकडच्या गाड्या त्यानेच खालून सडतात. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने तेच होतं. आपल्याकडे समुद्र नाही, पण आपण तो पोत्यात भरून गाडीशेजारी ठेवतो! खताची पोती दुसरीकडे हलवा. गाडीतून खत आणलं, तर त्याच दिवशी मॅट बाहेर काढून सांडलेलं झाडून घ्या, ओल्या कापडाने पुसा आणि वाळवा. कोठ्यातलं गोमूत्र गाडीकडे वाहत असेल, तर त्याचा उतार बदला. फवारणीचा पंपसुद्धा गाडीत ठेवू नका.

शेड झालं. आता गाडी उभी करण्याआधीचं काम. हे एका दिवसाचं आहे आणि यात मिस्त्री लागत नाही.

कडक उन्हाचा दिवस निवडा. गाडी खालून धुवा, चाकांच्या वरच्या कमानीत हात घालून. तिथे काळी माती ढेकळासारखी बसलेली असते आणि वरून सुकी वाटली तरी आतून ओली असते. आमच्या गाडीच्या मागच्या दोन कमानींतून अर्धी टोपली माती निघाली. मग दारं बघा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. ती मातीने बुजतात आणि दार आतून सडतं. खराट्याची काडी घालून ती मोकळी करा. दार हलवून कान लावा, आत पाणी डुचमळत असेल तर ऐकू येतं. दारांच्या खाली जी लांब पेटीसारखी पट्टी असते, तिलाही अशीच भोकं असतात. समोरच्या काचेखाली, वायपरजवळ साचलेला पाला काढा. मॅट, गालिचा, सीटखालचं फडकं सगळं बाहेर काढून दिवसभर उन्हात टाका, आणि गाडी उभी राहील तितके दिवस ते घरातच ठेवा. ओलं मॅट म्हणजे पत्र्यावर ठेवलेली ओली पट्टी.

धुतल्यावर गाडी लगेच शेडमध्ये घालू नका. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, मग दारं उघडी ठेवून उन्हात उभी करा. पूर्ण वाळल्यावर दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, सरकत्या दाराची पट्टी यांना ग्रीसचा हात फिरवा. रंगावर गाडीचं मेणाचं पॉलिश लावलं तर पाणी टिकत नाही. बॅटरीची काळी तार सोडा. बॅटरीच्या टोकांना पांढरी-हिरवी भुकटी आली असेल, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, नंतर साध्या पाण्याने धुवा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत जायला नको. ती भुकटी आणि बॅटरीतलं ॲसिड खालचा पत्रा खातं.

हँडब्रेक ओढू नका. ओलीत ब्रेकचे लायनर आतल्या लोखंडाला चिकटून बसतात, आमचं चाक त्यानेच अडलं होतं. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पुढून-मागून दगड लावा.

मध्येमध्ये गाडी सुरू करावी का, असं सगळ्याच विचारतात. आमचं उत्तर थोडं उलटं वाटेल. पंधरा दिवसांनी एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवता येत असेल तर जरूर चालवा, ब्रेक दोन-चारदा नीट दाबून. पण शेडमध्येच पाच मिनिटं सुरू करून बंद करायची असेल, तर नकोच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सायलेन्सर पूर्ण तापला तर ती वाफ बाहेर जाते. पाच मिनिटांत तो तापत नाही, पाणी आतच साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो. शिवाय बंद शेडमध्ये गाडीचा धूर विषारी असतो, लेकरं आसपास असतात. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं, तेही ओलावा ओढतं. अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने पडू देण्यापेक्षा गाडी फिरती ठेवणं बरं.

डांबराबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्या भागात सगळे हेच करतात. डांबर किंवा काळा लेप वाईट नाही. तो स्वच्छ, कोरड्या, जंग नसलेल्या पत्र्यावर लावला तर उपयोगाचा आहे. आम्ही तो माती आणि जंग न काढता वर थापला. आतली ओल आतच राहिली. पुढे डांबराला तडे गेले, तड्यातून पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. वरून तळ काळाभोर, मजबूत दिसत होता. म्हणूनच कुणी हात लावून पाहिला नाही. जखम न धुता पट्टी बांधली तर जे होतं तेच.

काही ठिकाणी गाडीच्या पोटावर जळकं ऑइल फवारतात. त्याने जंग थोडा अडतो हे खरं. पण ते रबराचे बूश आणि नळ्या फुगवतं, ब्रेकवर गेलं तर ब्रेक लागत नाही, गरम सायलेन्सरवर पेट घेऊ शकतं, आणि शेवटी ठिबकून आपल्याच विहिरीच्या मातीत जातं. कातडीलाही ते वाईट. आम्ही ते करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं आमचं मत आहे. शेडमध्ये मिठाची किंवा चुन्याची वाटी ठेवायला कुणी सांगितलं, तर तेही सोडून द्या. एवढ्या मोठ्या शेडची हवा वाटीभर चुन्याने कोरडी होत नाही, आणि मीठ तर गाडीजवळ नकोच.

जंग दिसलाच तर? रंगाचा फोड दिसला की तो दाबून बघा. खाली कडक असेल, तर काम आपल्या हातचं आहे. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत, आणि फोडाच्या बाहेर दोन बोटं जास्त. डोळ्यांवर चष्मा, नाकाला ओढणी. मग थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस होतं. तो वाळला की वर रंगाचे दोन हात. हे सगळं कोरड्या दिवसाचं काम, पावसाची झड असताना करू नका.

पण दाबल्यावर पत्रा मऊ लागला, कुरकुर वाजला किंवा भोक पडलं, तर लांबी भरून वर रंग मारणाऱ्याचं ऐकू नका. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची, सीट आणि मॅट काढायचे, पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघायचं आणि जवळ वाळूची बादली ठेवायची. आमच्या तळाच्या कामाला साडेअकरा हजार लागले. ते गटाच्या अंतर्गत कर्जातून काढले आणि फेडायला सात महिने गेले. नाली, प्लास्टिक आणि मुरमाला त्याच्या पाव हिश्शालाही लागले नव्हते.

ब्रेकचं मात्र घरी करू नका. खालच्या लोखंडी नळ्या दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर मिस्त्रीकडून गाडी वर उचलून बघून घ्या. नळी खरखरीत झाली असेल तर बदला, घासून चमकवू नका. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतला ओलावा पितं आणि आतून जंग लावतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. मिस्त्री म्हणाले, अजून चालेल, तरी बदला. गाडी पंधरा वर्षांची झाली की आरसी नूतनीकरणाला आरटीओकडे तपासणी होते, तेव्हाही तळ आणि ब्रेक बघतातच. पण त्या तपासणीची वाट पाहणं आम्हाला परवडलं नसतं, हे तुम्ही वर वाचलंच.

रेडिओवरच्या कार्यक्रमानंतर फोन आले, त्यातले दोन प्रश्न इथे देतो. आर्णीकडच्या एका ताईने विचारलं, आमचा गट जुनी गाडी घेणार आहे, जंग लपवलेला कसा ओळखायचा? ताई, खिशात एक लहान चुंबक ठेवा आणि तो पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. दाराच्या खालची कड, चाकाच्या कमानी, मागचा दरवाजा इथे खास. चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. मॅट उचलून खालचा पत्रा बघा, अंगठ्याने दाबा. तळाला ताजं डांबर दिसलं, तर आधी विचारा की कधी आणि का मारलं. नंबर एमएच ०७ किंवा ०८ असेल, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची गाडी, तर खालून जास्त वेळ घालवा.

घाटंजीकडच्या एका काकूंनी विचारलं, आमच्याकडे गाडी नाही, पण गटाची डाळ भरडायची मशीन त्याच शेडमध्ये आहे, तिलाही हे लागू होतं का? होतं, काकू. फक्त धान्य जिथे लागतं तिथे ग्रीस किंवा मशीनचं ऑइल लावू नका, खायचं तेल पातळ लावा आणि हंगाम सुरू होताना पुसून घ्या. आणि मशीन जमिनीवर ठेवली असेल, तर आजच चार विटांवर घ्या.